पाऊण हिस्सा

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी पाणी सोडायचं, हे माझं काम.
नळ आधी खोकतो,
मग तांबडं गंजपाणी थुंकतो,
मग एकदाचा वाहायला लागतो.
टाकीच्या तळाशी हिवाळाभर बुडालेला हातमोजा सापडतो,
दरवर्षी एक, दरवर्षी डावाच.

बंद पडलेल्या खाणीच्या पाठीमागे
आमचे एकेचाळीस तुकडे, नगरपालिकेचे, भाड्याचे.
समोर दिसते ती टेकडी नव्हे,
आमच्या बापांनी खालून उपसून वर टाकलेला काळा कचरा तो.
आता त्यावर गवत आहे. मेंढ्यांना फरक कळत नाही.

मातीवर तळवा टेकवावा. अजून गार.
एवढ्यात बी टाकू नये, हे डोरीन हेस्लपला कोण सांगणार?
ती गाजरं पेरते, ती उगवत नाहीत,
मग मे महिन्यात पुन्हा पेरते
आणि पाकिटावरच्या कंपनीच्या नावाने बोटं मोडते.
सेनाइत कागदी ट्रेमधले बटाटे
एकेक उचलून उजेडात धरते, अंडी तपासावीत तसे:
डोळे वर, कोंब आखूड, जांभळे, बोटाच्या पेराएवढे.
तिच्या गावी, अस्मेऱ्याजवळ,
बटाट्याला कोणी खिडकीत बसवत नाही म्हणते.
डेरेक बशीत बिअर ओततो.
गोगलगाय नि पोटात पाय,
पण त्या बिचाऱ्या निदान पिऊन मरतात, असं त्याचं म्हणणं.
कांद्याची रोपं कावळे उपटतात,
आपण परत खोचतो,
ते परत उपटतात.
हा सगळा एप्रिल.

तिसऱ्या रविवारी मी वही घेऊन फिरते.
नियम सोपा आहे: पाऊण हिस्सा लागवडीखाली.
नसला तर पत्र.
दुसऱ्या पत्रानंतर तुकडा जातो यादीतल्या पुढच्या माणसाला.
यादीत सत्तावन्न नावं.

तेवीस नंबर, नॉरिस टिंडल.
छप्पन्न वर्षं लीक, दंडाएवढे जाड,
शेडमध्ये बक्षिसांच्या रिबिनी, उंदरांनी कडा कुरतडलेल्या.
यंदा गुडघ्याचं ऑपरेशन.
क्रेट उलटा घालून तो दारात बसतो,
आणि समोर हरळी चालत येते त्याच्याकडे,
रोज वीतभर.
मार्चमधलं पहिलं पत्र मीच लिहिलं.
सहीसुद्धा माझीच.
त्याने ते घडी घालून बियांच्या डब्यात ठेवलं,
वाटाण्यांच्या आणि पालकाच्या मधे.

आणि रविवारी सकाळी पाहते तर
तेवीस नंबर खणलेला.
हरळीची पांढरी मुळं कुंपणाशी ढीग करून,
वाटाण्याला काटक्यांचा आधार,
बटाट्याच्या तीन सऱ्या, वरंब्यांना फावड्याची थाप.
कोणी केलं? विचारलं सगळ्यांना.
विचारायलाच हवं, सेक्रेटरी आहे मी.
डोरीनला माहीत नाही. सेनाइतला माहीत नाही.
तिच्या नखांत काळं होतं,
पण इथे कोणाच्या नखांत नसतं?
डेरेक गोगलगायींबद्दल बोलत राहिला.

नॉरिस बघत होता.
गुडघा सरळ, कपाळाला आठी.
'बटाटे वरवर लावलेत, हिरवे पडतील,' म्हणाला.
'आणि ही मधली सरी बघ. वाकडी आहे.
माझ्या बापाने पाहिली असती ना...'
बाप काय करणार होता, ते सांगितलं नाही.
काठीला बांधलेलं खुरपं उचललं,
क्रेट हातभर पुढे सरकवला,
आणि जिथवर हात पोहोचतो तिथवर
माती ओढायला बसला.

मी वहीत लिहिलं: पाऊण.
टेप लावली तर थोडं कमीच भरेल.
टेप माझ्या खिशातच होती.

एक मात्र सांगून ठेवते.
सरी वाकडी नाही.
मी स्वतः दोरी धरून काढली होती.